पाझर पाइपने वाफ्यांना आणि झुडपांना पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या बाहेरच्या वस्तीत आमच्या घरामागे दीड गुंठ्याची बाग आहे. निम्म्यात भाजीचे वाफे आणि निम्म्यात मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, लिंबू. जमीन काळी, पाणी बोअरचं. गेली काही वर्षं हे सगळं पाझर पाइपवर आहे, आणि त्याबद्दल परभणी, बीड, जालना, नांदेडकडून सारखे तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाझर पाइप म्हणजे ठिबकच ना? वेगळं काय त्यात?

नाही, दोन्ही वेगळे. ठिबकच्या नळीला ठरावीक अंतरावर ड्रिपर असतात आणि पाणी तेवढ्याच जागी पडतं. पाझर पाइपचं सगळं अंगच सच्छिद्र असतं. बहुतेक पाइप जुन्या टायरच्या रबराचा चुरा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात, म्हणून रंग काळा आणि हाताला खरखरीत. दुकानात सोकर पाइप किंवा सोकर होज म्हणून मागितला तर मिळतो. पाणी सोडलं की आधी काहीच होत नाही. मग पाच-सात मिनिटांनी पाइपवर घामाचे थेंब फुटावेत तसे बारीक मणी दिसायला लागतात, एकमेकांत मिसळतात आणि खालची माती काळसर ओली होत जाते. आवाज नाही, फवारा नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं बिघडलाय. बिघडलेला नसतो, त्याचं कामच तसं आहे.

२. आमची जमीन भारी काळी आहे. पाणी वर साचतं, नाहीतर भेगांतून निघून जातं. तिथे हा पाइप चालेल का?

मला विचाराल तर काळ्या जमिनीलाच तो सगळ्यात जास्त उपयोगी आहे. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. ओली असताना तिच्यात पाणी फार सावकाश मुरतं, म्हणून रबरी पाइपने धो-धो पाणी दिलं की वाफ्यात तळं होतं आणि मेथी पिवळी पडते. उलट एप्रिल-मेमध्ये भेगा पडलेल्या असतात. तेव्हा तेच धो-धो पाणी भेगेत शिरून मुळांच्या खाली निघून जातं. वरचे चार बोटं कोरडे ते कोरडेच.

पाझर पाइपचं पाणी माती पिऊ शकेल त्याच वेगाने येतं. भेगेच्या कडा आधी भिजतात, फुगतात आणि भेग हळूहळू मिटते. मात्र भेग बोटभर रुंद असेल तर आधी खुरपीने आजूबाजूची भुसभुशीत माती आणि थोडं शेणखत तिच्यात ढकला, मगच पाइप टाका. नाहीतर पाइपखालीच भेग असली तर थेंब सरळ आत जातात. आणि एकदा ओलावा आला की वाफा पुन्हा पूर्ण वाळू देऊ नका. काळी माती दर वेळी कडक वाळवून पुन्हा भिजवली तर बारीक मुळं तुटतात.

मुरमाड जमिनीत पाणी आडवं न पसरता सरळ खाली जातं. तिथे पाइपच्या ओळी जवळ घ्याव्या लागतात (प्रश्न ५) आणि पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर द्यावं लागतं.

३. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर चालेल की मोटर लागेल?

टाकीवर चालतो, आणि टाकीवरच चालवा. पाण्याची पातळी १० मीटर उंच असली की साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो) दाब मिळतो. तळमजल्याच्या घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून चार मीटरवर धरली तर ०.४ किलो झाला. या पाइपला ०.७ किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी दाबच मानवतो. म्हणजे टाकीचा दाब त्याच्या अंगाला बरोबर बसतो.

मोटर थेट जोडू नका. पहिल्या उन्हाळ्यात मी तेच केलं. रात्री लाइट आली, बोअर सुरू झाली आणि सकाळी पाहिलं तर मधला जॉइनर सुटून पडलेला. पाण्याच्या धारेने मोगऱ्याच्या बुडाची वीतभर माती उडवून मुळं उघडी पाडली होती. मोगरा वाचला, पण त्या वर्षी कळी धरली नाही. मोटरशिवाय पर्यायच नसेल तर मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा, किंवा मोटरीने हौद-टाकी भरून घ्या आणि पाइप टाकीवर ठेवा. दुसरा मार्ग सोपा.

उताराच्या जोरावर पाणी नेणं आपल्या मुलखाला नवं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं झऱ्यांचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी तेव्हाच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलं. ती नहर-ए-अंबरी सगळी उतारावर चालायची.

नळाच्या लाइनला पाइप थेट जोडून ठेवणंही टाळा. आपल्याकडच्या कितीतरी शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी गेलं की लाइनमध्ये ओढ तयार होते आणि पाइपभोवतीचं मातीचं पाणी प्यायच्या लाइनमध्ये शिरू शकतं.

४. एकच पाइप किती लांब घ्यायचा? आमचा प्लॉट उताराचा आहे.

चांगल्या दाबावर ३० मीटरपर्यंत नेता येतो, पण टाकीच्या दाबावर माझा अनुभव १५ मीटरचा आहे. त्याच्या पुढे शेवटचं टोक नुसतं ओलसर होतं. जास्त लांबी हवी असेल तर साधा, न झिरपणारा १६ मिलिमीटरचा काळा पाइप मधोमध आणा आणि तिथून दोन्हीकडे पाझर पाइप काढा. एकाच टोकाकडून ३० मीटर ओढण्यापेक्षा मधून १५-१५ केव्हाही बरं.

उताराचं गणित लक्षात घ्या. जमीन एक मीटर खाली गेली की दाब ०.१ किलोने वाढतो. टाकीचा एकूण दाबच ०.४ असताना हा फरक पाव हिश्शाचा झाला, म्हणजे खालचं झाड पाण्यात आणि वरचं कोरडं. म्हणून पाइप उताराच्या आडवा टाका, प्रत्येक ओळ एका पातळीवर, आणि प्रत्येक ओळीला वेगळा कॉक. उतार फारच असेल तर पाझर पाइपचा हट्ट सोडा. दाब सांभाळणारे ड्रिपर असलेली इनलाइन ठिबक घ्या.

५. दोन ओळींत अंतर किती ठेवायचं आणि बुडापासून किती लांब?

काळ्या जमिनीत ओळींत ४५ सेंटिमीटर, मुरमाड किंवा रेताड जमिनीत ३० सेंटिमीटर. वांगी, मिरची, टोमॅटोच्या बुडापासून चार-पाच बोटं लांब. मोगरा, जास्वंद, गुलाबाला निदान वीतभर. पाइप खोडाला टेकवू नका. सतत ओल्या खोडाला बुरशी धरते, कढीपत्ता आणि लिंबाला तर हमखास.

पाइप सरळ करायला तो तासभर उन्हात पसरून ठेवा, मऊ होतो. मग दर मीटरला जाड तारेचा उलटा यू खोचून बसवा.

६. रोज किती वेळ चालू ठेवायचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं आयतं उत्तर मी कोणालाच देत नाही. तुमच्या पाइपमधून तासाला किती पाणी येतं ते आधी मोजा. कंपनीच्या पुठ्ठ्यावरचा आकडा तुमच्या टाकीच्या दाबाला लागू होत नाही.

मोजायची माझी पद्धत अशी: स्वयंपाकघरातली अर्धा मीटर रुंद परात घ्या. पाइपखाली थोडी माती काढून परात अशी बसवा की पाइपचा अर्धा मीटर भाग तिच्या बरोबर वर येईल. पाइप पूर्ण झिरपायला लागला की परात रिकामी करा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. साठलेलं पाणी मापाने मोजा. माझ्याकडे अर्धा लिटर आलं. म्हणजे अर्ध्या मीटरला तासाला ३ लिटर, एका मीटरला ६ आणि १५ मीटरच्या ओळीला ९० लिटर. हेच माप पाइपच्या सुरुवातीला आणि शेवटाला घ्या. दोन्हींत फार फरक आला तर ओळ लांब झाली आहे किंवा पाइप चोंदला आहे.

आता गरज. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. माझा १५ मीटरचा पाइप ४५ सेंटिमीटर रुंद पट्टा भिजवतो, म्हणजे पावणेसात चौरस मीटर. मे महिन्यात आच्छादन असलेल्या भाजीच्या वाफ्याला मी दिवसाला ६ मिलिमीटर धरते, म्हणजे ४० लिटर. दर तिसऱ्या दिवशी पाणी देत असल्याने १२० लिटर, म्हणजेच एक तास वीस मिनिटं. डिसेंबर-जानेवारीत याच्या निम्मं पुरतं. हे आकडे माझ्या बागेचे आहेत. तुमचे परातीवरून काढा आणि प्रश्न ७ मधल्या खुरपीने तपासा.

रोज पंधरा मिनिटं दिली तर? काळ्या मातीत वरचे दोन बोटं भिजतात आणि तेवढंच पाणी दुपारी उडून जातं. मुळंही वरच राहतात. सावकाश, भरपूर आणि मग दोन दिवस विश्रांती. कोवळी रोपं मात्र याला अपवाद, त्यांचं प्रश्न १३ मध्ये पाहा.

७. पाणी पुरलं की नाही ते कळणार कसं? वरून तर सारखंच दिसतं.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो पाहायचा. पाणी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपपासून वीतभर अंतरावर खुरपीने वीतभर खोल खणा. तळाची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून चिखल निघाला तर पाणी जास्त झालं. लाडू वळला, आणि तोच लाडू अंगठ्याने हलकेच दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे. लाडू वळतच नसेल, ढेकळं टणक असतील तर पाणी खोलवर पोचलेलं नाही, पुढच्या वेळी वेळ वाढवा.

पहिल्या पंधरवड्यात हे पाण्याच्या दर पाळीनंतर करा. नंतर हाताला अंदाज येतो. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी सोडू नका. बेचाळीस अंशांत भोपळ्याची पानं ओल्या जमिनीतही माना टाकतात आणि संध्याकाळी उभी राहतात. सकाळी सहालाही पानं खाली असतील तर मात्र तहान खरी आहे.

८. सकाळी द्यायचं की संध्याकाळी?

उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. या पाइपने पानं भिजत नाहीत, त्यामुळे रात्री पाणी दिल्याने पानांवर बुरशी येईल ही भीती कमी. लाइटच्या वेळापत्रकाला बांधलेले असाल तर लाइट असेल तेव्हा टाकी भरा आणि पाइप तुमच्या सोयीने सोडा.

९. पाइप उघडा ठेवायचा की झाकायचा? मातीत पुरला तर?

झाका. उघडा पाइप उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो आणि झिरपलेलं पाणीही उन्हाने जास्त उडतं. आपल्याकडे झाकायला सामानाची कमी नाही: सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, तुरीचा पाला, कडब्याची कुट्टी. चार बोटं जाड थर द्या. भुसकट वाऱ्याने उडतं म्हणून त्यावर पाचटाचा हलका थर टाका. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, कारण आच्छादनात वाळवी येते आणि ती खोडाकडे वळू नये.

मातीत पुरू नका, निदान काळ्या मातीत तरी नको. बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि माती आकसताना पाइप दाबला जातो. शिवाय कुठे फाटला ते दिसत नाही आणि खुरपणी करताना पहिला वार त्याच्यावरच बसतो.

१०. बोअरचं पाणी जड आहे. सहा महिन्यांत पाइप पांढरा पडला आणि झिरपणं थांबलं. काय करू?

तो पांढरा थर चुन्याचा. पाणी छिद्राशी येऊन उडतं आणि त्यातला चुना मागे राहतो. तो पूर्ण टाळता येत नाही, पण लांबवता येतो.

दर पंधरा दिवसांनी शेवटची टोपी काढून टाकी भरलेली असताना पाणी दोन मिनिटं मोकळं वाहू द्या. आधी तांबूस-पांढरं पाणी येतं, मग स्वच्छ. पाइप आच्छादनाखाली ओलसर राहिला तर थर कमी जमतो, हे प्रश्न ९ मधल्या झाकण्याचं आणखी एक कारण. थर बसलाच असेल तर पाइप काढून उन्हात वाळवा, पोत्याच्या तुकड्याने कोरडाच चोळा, मग पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एका टबात घेऊन पाइपची गुंडाळी रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी धुऊन पुन्हा मोकळं पाणी सोडा.

ठिबक असलेले शेतकरी लाइनमध्ये आम्ल सोडतात, ते पाहून बरेच जण इथेही तसंच करू का म्हणून विचारतात. घरच्या बागेत करू नका. रबराच्या पाइपला ते चालेलच असं नाही, आणि तीव्र आम्ल हाताळणं लेकरांच्या वावरात धोक्याचं आहे. जड पाण्यावर पाइप दोन-तीन उन्हाळे टिकला की मी तो वसूल झाला असं धरते आणि बदलते.

११. टँकरचं पाणी गढूळ असतं. तेच वापरावं लागतं.

एक रात्र ड्रममध्ये निवू द्या आणि तोटी तळापासून वीतभर वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहील. पाइपच्या तोंडाशी १२० मेशचा चाळणी फिल्टर लावा, ठिबकच्या कोणत्याही दुकानात मिळतो. चाळणी दर आठवड्याला धुवा. फिल्टरशिवाय गढूळ पाणी सोडलं तर एकाच उन्हाळ्यात पाइप संपतो.

१२. जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) किंवा विद्राव्य खत यातूनच सोडता येईल का?

जीवामृत, गोमूत्र, शेणाची स्लरी अजिबात नाही. कितीही वेळा कापडाने गाळलं तरी छिद्रं चोंदतात. विद्राव्य खतांपैकी स्फुरद (फॉस्फरस) असलेली खतं जड पाण्यातल्या चुन्याशी जुळून साका करतात, तीही नको. जीवामृत मग्गाने पाइपच्या कडेला ओल्या मातीवर ओता आणि नंतर दहा मिनिटं पाइप चालवा. गांडूळखत पाइपखालीच पसरा, ओल मिळाल्याने ते लवकर लागू पडतं.

१३. मेथी, कोथिंबीर, पालकाचं बी यावर उगवतं का?

पाइपच्या दोन्ही बाजूंना चार बोटांत पेरलं तर उगवतं. वाफाभर फोकून पेरलं तर मधला पट्टा कोरडा राहतो आणि उगवण ठिगळांसारखी दिसते. म्हणून एक तर ओळीत पेरा, नाहीतर उगवून दोन पानं येईपर्यंत झारीने रोज शिंपा आणि मग पाइपवर सोडा. पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा पाइपने पूर्ण भिजवून वाफशावर पेरणं सगळ्यात चांगलं. बियांच्या वर काळ्या मातीची पापडी धरली तर कोंब फुटत नाही, तिथे गाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्या.

१४. मोठी झुडपं आणि लिंबाचं झाड यांना एक ओळ पुरते का?

नाही. पाणी पिणारी बारीक मुळं खोडाशी नसतात, फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. जास्वंद, तगर, पारिजातकाला सावलीच्या कडेने एक गोल फेरी द्या. चार-पाच वर्षांच्या लिंबाला दोन फेऱ्या: एक खोडापासून हातभर लांब आणि दुसरी सावलीच्या कडेला. भाजीची आणि झुडपांची लाइन मात्र एकाच कॉकवर ठेवू नका. झुडपांना उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तीन-चार तास लागतात, भाजीला तेवढं दिलं तर कुजेल.

मोगऱ्याचं वेगळं आहे. फेब्रुवारीत छाटणीआधी दोन आठवडे त्याचं पाणी तोडून पानगळ होऊ द्यायची आणि छाटणीनंतर शेणखत घालून पाणी सुरू करायचं, तर बहार जोरात येतो. यासाठीही त्याला वेगळा कॉक हवाच. बोगनवेल आणि कण्हेर एकदा रुजली की त्यांना या पाइपची गरजच नाही.

१५. कुंड्यांना आणि लॉनला?

नको. कुंडीत पाइपची लांबी वाया जाते, तिथे बारीक नळीचे ड्रिपर लावा. लॉन पट्ट्यापट्ट्याने हिरवं होतं. आणि खरं सांगायचं तर आपल्या पाण्यात लॉन लावावं असं मला वाटत नाही.

१६. आठ दिवस गावाला जायचं आहे. टाइमर लावू का?

लावा, पण घेताना दुकानदाराला विचारा की तो शून्य दाबावर उघडतो का. काही टाइमरचा व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबानेच उघड-मीट करतो, तो टाकीच्या कमी दाबावर अडकतो. आत गोल बॉल फिरणारा टाइमर टाकीवर चालतो. निघण्याआधी किमान दोन पाळ्या डोळ्यांदेखत चालवून पाहा, नवे सेल घाला, आणि टाकी रिकामी झाली तर भरणार कोण हे ठरवा.

टाइमर नको असेल तर मडकं. न भाजलेलं नव्हे, साधं भाजलेलं, पण रंग किंवा लुकण न लावलेलं मडकं झुडपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. ते भिंतीतून मुळांच्या ओढीने झिरपत राहतं. नव्या रोपांना तर मी पहिलं वर्ष मडक्यावरच ठेवते.

१७. आरओचं वाया जाणारं पाणी, एसीचं पाणी, कपड्यांचं पाणी यात सोडू का?

एसीचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. मूळ पाणी बोअरचं जड असेल तर ते फरशी पुसायला वापरा, बागेला रोज नको. आपली काळी जमीन आधीच चोपण (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणारी) होण्याकडे झुकते. कपड्यांच्या पाण्यात साबण आणि धागे असतात, ते पाइप बुजवतात. फारच नड असेल तर शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीने बोगनवेल-कण्हेरीला घाला, भाजीला नाही.

१८. खारी आणि उंदीर पाइप कुरतडतात.

बहुतेक वेळा पाण्यासाठीच कुरतडतात, मेमध्ये सगळ्यात जास्त. बागेच्या दोन कोपऱ्यांत मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा आणि रोज भरा. माझ्याकडे त्यानंतर पाइपला दात लागणं जवळपास थांबलं. फाटलेली जागा कापून जॉइनर टाका. चिकटपट्टी टिकत नाही.

१९. घराच्या भिंतीलगत शोभेची झुडपं आहेत. जोत्याला लागून पाइप टाकला तर चालेल?

काळ्या जमिनीवरचं घर असेल तर टाकू नका. हीच माती पायाखालीही फुगते आणि आकसते. जोत्याची एक बाजू सतत ओली आणि दुसरी कोरडी राहिली की पाया एकसारखा उचलला जात नाही, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड जाते. आमच्या ओळखीच्या एका घरात प्लंबरने सोय म्हणून पाइप जोत्यालाच बसवला होता. दोन उन्हाळ्यांनंतर कंपाउंडची भिंत त्या बाजूला कलली. पाइप जोत्यापासून निदान एक मीटर लांब ठेवा, झुडपंही तेवढीच लांब लावा, आणि आधीच लावलेली असतील तर भिंतीच्या बाजूला नाही, अंगणाच्या बाजूला पाइप फिरवा. मुरमावर बांधलेल्या घराला ही अडचण कमी.

२०. पावसाळ्यात पाइप गुंडाळून ठेवायचा का? पहिला पाऊस पडला की बंद करू?

पहिल्या हलक्या सरीत बंद करू नका, उलट चालू ठेवा. उत्तर विचित्र वाटतं, पण कारण ऐका. जड पाण्यातले क्षार पाण्याबरोबर सरकतात आणि ओल संपते तिथे थांबतात. म्हणून ओल्या पट्ट्याच्या कडेला मे अखेरीस पांढरी रेघ दिसते. मृगाची पाच-सात मिलिमीटरची सर आली की ती रेघ विरघळते आणि क्षार मुळांकडे आत येतात. दोन दिवसांत पानांच्या कडा जळतात आणि माणूस म्हणतो पाऊस पडूनही झाड सुकलं. पाइप चालू असला तर आतलं पाणी क्षारांना बाहेरच ढकलतं. एकूण ५० मिलिमीटरच्या आसपास दमदार पाऊस झाला, क्षार खाली धुऊन गेले, की बंद करा.

नंतर पाइप काढू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा दोन-तीन आठवड्यांचा खंड पडतो आणि तेव्हा हाच पाइप भेंडी-गवार तारतो. फक्त पाणी साचणाऱ्या वाफ्यातला उचलून ठेवा.

२१. जुन्या पाइपला खिळ्याने भोकं पाडून घरीच करता येईल का?

तीन-चार मीटरच्या छोट्या वाफ्याला चालतं. त्यापुढे सुरुवातीच्या भोकांतूनच सगळं पाणी जातं. भंगारात जुनी इनलाइन ठिबक मिळत असेल तर ती धुऊन वापरा, भोकांच्या पाइपपेक्षा कितीतरी चांगली.

२२. ठिबकसारखं यालाही अनुदान आहे का?

सूक्ष्म सिंचनाचं अनुदान शेतातल्या ठिबक आणि तुषार संचाला आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करावा लागतो. घरामागच्या वाफ्यांना ते लागू नाही.

२३. पाणी फारच कमी असलेल्या वर्षी काय जगवायचं, काय सोडायचं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बागेला पाणी घालणं हे बोलायलाही अवघड वाटायचं. प्यायचं, स्वयंपाकाचं, जनावरांचं आधी, यात दुमत नाही. उरलं तर त्याचा क्रम मी असा लावते.

भाजीचे वाफे मार्चअखेरीस बंद करा आणि ते पाइप काढून झुडपांकडे वळवा. गुलाब, शेवंतीचे फुटवे आणि मोगऱ्याची एक-दोन रोपं घराच्या पूर्वेकडच्या सावलीत कुंडीत हलवा, म्हणजे जात टिकते. मग लिंबू, कढीपत्ता, जास्वंद अशी वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं. त्यांच्या एकतृतीयांश फांद्या छाटा, कारण पानं कमी झाली की तहानही कमी होते. फळं-फुलं खुडा. आच्छादन दुप्पट करा. फेरी एकच ठेवा, सावलीच्या कडेची, आणि दर दहा-बारा दिवसांनी रात्री दोन तास. खुरपी घालून पाहा: वीतभर खाली माती हाताला गार लागत असेल तर झाड जगतंय, पुढची पाळी दोन दिवस पुढे ढकला.

पानं सगळी गळली तरी झाड उपटू नका. नखाने फांदीची साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर पाणी चालू ठेवा. आमच्या लिंबाला त्या वर्षी मेमध्ये एक पान नव्हतं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बुंध्यापासून हातभर उंचीवर तांबूस कोंब फुटले.